आवाज येणारा भात

"जेवला की. दोनदा मागून जेवला," ताई म्हणाल्या, आणि मी एक चप्पल पायात, एक हातात अशी त्यांच्या दारातच उभी राहिले.

"काय जेवला?"

"भात."

"कसला भात?"

"कसला म्हणजे? भातासारखा भात. आत येणार आहेस का दारातूनच उलटतपासणी घेणार आहेस?"

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवतात, एकट्या राहतात, आणि त्यांचा नुसता चष्मा दिसला तरी वर्गातल्या पोरांना पाढे आठवतात म्हणे. त्यांच्याकडे मुलाला दिवसभर सोडायचं माझ्या मनात नव्हतं. पण ऑफिसात नेमकं प्रशिक्षण निघालं, नवरा बाहेरगावी, शेजारीण आजारी. मग डबा, औषध, पातळ खिमट, घट्ट खिमट, दोन चमचे, तीन लाळेरी असं सगळं बांधून मी भोपळ्याला तिथे पोचवलं होतं.

जन्मला तेव्हा तो इतका गोल होता की भोपळ्या हे नाव आपसूक पडलं. आता चार वर्षांचा झालाय, आणि मध्यंतरी जो ताप आला त्यानंतर नावातच काय तो भोपळा उरलाय. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. दोन घास, की तोंड मिटलं. डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या काट्याकडे बघून "हं" केलं होतं. "पुढच्या आठवड्यात परत आणा. नाहीच वाढलं तर रक्त तपासू." त्या "हं"ने माझी झोप उडवली होती. आपल्या पोराला सुई टोचणार, या विचारापेक्षा ती टोचून काय निघेल, हा विचार वाईट.

आणि हा पठ्ठ्या इथे दोनदा मागून जेवला होता!

मी डबा उघडून पाहिला. खिमट जसंच्या तसं. हुंगलं. आंबलेलं नव्हतं. ताई माझ्याकडे बघत होत्या.

"तुझ्या खिमटाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला नको होतं, इतकंच."

घरी आल्यावर मी मऊ, मोकळा, मोत्यासारखा भात केला. भोपळ्याने एक घास घेतला, चघळला, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला, अगदी व्यवस्थित, मला परत करावा तसा.

"हा नाही."

"मग कुठला, राजा?"

"आत्याचा. आवाज येणारा."

आता भाताला कसला आवाज? शिजताना येतो, झाकण थडथडतं, तो म्हणावा तर शिजल्यावर सगळा भात मुकाच. मी त्याच्यापुढे बसले. "कसा आवाज येतो? दाखव."

त्याने दात एकमेकांवर घासले आणि डोळे मिटून म्हणाला, "असा. डोक्यात."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. रसायनशास्त्र शिकलेली बाई मी, भातात आवाज कशाने येईल याचा विचार करत बसमध्ये माझा थांबा चुकवला. भातात तळलेला कांदा घालून पाहिला. भोपळ्याने कांदा वेचून बाजूला काढला. शेंगदाणे घातले, ते त्याने खिशात भरले. शेवटी अर्धवट शिजवलेले तांदूळ पुढे ठेवले. तो इतकंच म्हणाला, "आई, हे खडे आहेत."

गावाहून परतलेला नवरा हे सगळं पाहून म्हणाला, "शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणतात. तू भातावरून माझ्या बहिणीची करतेयस."

"मग तुम्हीच विचारा ना त्यांना."

"छे! मी तिच्याकडून भागाकार शिकलोय. अजून ती 'बस खाली' म्हणाली की मी बसतो."

म्हणून फोन मीच केला. ताईंनी कृती सांगितली, आणि इतकी सविस्तर सांगितली की मला तिथेच शंका यायला हवी होती. तांदूळ अर्धा तास भिजवायचे, लोण्यावर परतायचे, पाणी दुप्पट, मीठ पाणी उकळल्यावर. "आणि लक्ष ठेवायचं," त्या म्हणाल्या. "भाताला लक्ष लागतं."

मी लक्ष ठेवलं. गॅससमोरून हलले नाही. भात उत्तम झाला, नवरा तीनदा मागून जेवला. भोपळ्या म्हणाला, "हा गप्प आहे."

मग मी मोर्चा पुन्हा त्याच्याकडे वळवला. चार वर्षांच्या मुलाला सरळ प्रश्न विचारला की सरळ उत्तर मिळत नाही. आंघोळ घालताना, पायावर पाणी ओतता ओतता विचारावं लागतं.

"आत्याने भात केला तेव्हा तू काय करत होतास रे?"

"गुहेत होतो."

"बरं. मग?"

"मग आत्या ओरडली."

माझा तांब्या हवेतच राहिला. "तुला?"

"नाही. भाताला. मग तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. मग मला हातात दिला."

"ताटात नाही?"

"हातात," तो म्हणाला आणि माझ्या मंदपणाची कीव आल्यासारखं करत त्याने साबण पाण्यात सोडून दिला.

गुहा, ओरडणं, खिडक्या, हातात भात. मी टॉवेल घेऊन बसून राहिले. कुणाच्या घरी काय शिजतं ते आपण कधी विचारतो का? चव विचारतो, प्रमाण विचारतो. खिडक्या कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. परवा डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. ताईंकडे भोपळ्याचा स्वेटर राहिला होता. खरं तर तो मी मुद्दाम मागे ठेवला नव्हता, पण राहिला याचा त्या सकाळी आनंद झाला. भोपळ्याला घेतलं आणि बस पकडली.

ताईंनी दार उघडलं. "स्वेटर ना? हा घे." स्वेटर दारापाशीच घडी घालून ठेवला होता. म्हणजे आत बोलवायचा विचार नव्हता.

"पाणी देता का जरा?" मी म्हणाले आणि आत शिरले.

स्वयंपाकघर नेहमीसारखं लख्ख. ओटा पुसलेला, फडकं पिळून वाळत घातलेलं, डबे उंचीने लावलेले. मी पाणी पीत पीत नजर फिरवली. काही म्हणजे काही सापडेना. ताई ओट्याला पाठ लावून, हाताची घडी घालून उभ्या होत्या. परीक्षेच्या वर्गात उभं राहतात तशा.

"झालं का पाहून?" त्या म्हणाल्या.

"काय पाहून?"

"ते मी कसं सांगू? शोधतेयस तू."

एवढ्यात मागच्या गॅलरीतून काहीतरी फरपटल्याचा आवाज आला. भोपळ्या दोन्ही हातांनी एक पातेलं ओढत आणत होता. बादलीमागे ठेवलेलं असणार. आत साबणाचं पाणी डचमळत होतं, लिंबाच्या फोडी तरंगत होत्या, आणि बुडाशी काळा, खरखरीत, इतके दिवस भिजवूनही न सुटलेला तव्याएवढा डाग.

"हाच!" तो ओरडला. "आई, आवाज येणारा भात यात असतो!"

ताईंचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी त्यांचे कान लाल झालेले पाहिले नव्हते.

करपलेला भात. बुडाला लागलेला, करपलेला भात! तापातून उठलेल्या पोराला! माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. त्यात 'निदान' होतं, 'तुमच्या भरवशावर' होतं. ताईंनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी हनुवटी वर केली, आता बोलच म्हणून.

"म्हणूनच सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "तू पहिल्यांदा या घरी आलीस ना, तेव्हा माझं दुधाचं पातेलं उचलून हुंगलं होतंस. पाहुणी म्हणून आलेली मुलगी! तेव्हाच ठरवलं, हिच्यासमोर काही करपू द्यायचं नाही."

मला ते आठवत नव्हतं. पण हुंगलं असणार. मी सगळंच हुंगते. दूध, डबे, उशा, भोपळ्याचं डोकं.

मी पातेल्यापाशी उकिडवी बसले. लिंबाच्या फोडी बाजूला सारल्या. डागाच्या कडेला, जिथे काळं संपत होतं तिथे, एक तांबूस पट्टा होता. बोटाने खरवडलं. आणि ते तयार वाक्य कुठे गेलं कोण जाणे, तोंडातून भलतंच निघालं.

"ताई, इतका करपायला वेळ किती लागला?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. "काय?"

"म्हणजे मंद आचेवर की मोठ्या? झाकण होतं? आणि तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

ताईंनी भोपळ्याकडे पाहिलं. भोपळ्याने ताईंकडे पाहिलं.

"टेबलाखाली," ताई म्हणाल्या.

"टेबलाखाली?"

"आत्या अस्वल होती," भोपळ्याने खुलासा केला. "झोपलेलं. थंडीतलं."

"त्याने चादर टाकून गुहा केली होती," ताई भराभर बोलू लागल्या. "मी म्हटलं भात मंद ठेवलाय, पाच मिनिटं आत जाऊ. आता थंडीतलं अस्वल एकदा झोपलं की मध्येच कसं उठणार? हा उठूच देईना. मग वास आला. वरचा भात चांगला होता गं, तोच वाढला होता मी. पण हा पातेल्यापाशी येऊन उभा. 'ते काय?' म्हणाला. म्हटलं, खरपुडी आहे, आम्ही लहानपणी तुझ्या बाबाशी भांडून खायचो. एक तुकडा दिला. काळं काढून टाकलं होतं हं! तांबूस तेवढंच. मग त्याने तो भातात बुडवून बुडवून सगळा भात संपवला. मी काय करू?"

हे सगळं एका दमात. बोलून झाल्यावर त्या पुन्हा हाताची घडी घालायला गेल्या, पण ती नीट जमली नाही.

"आत्ता करता येईल?" मी विचारलं.

"करपवायला?"

"हो."

"मुद्दाम कधी करपवला नाही बाई मी."

"मीही नाही."

ताईंना हसू फुटलं. मोठ्याने नाही, नाकातून. मग त्यांनी फळीवरून दुसरं पातेलं काढलं. तांदूळ धुतले, पाणी घातलं. मी आच बघत होते. पाणी आटलं, भाताला भोकं पडली, ताईंनी झाकण ठेवलं आणि गॅस बारीक केला.

"आता?"

"आता इथून जायचं," ताई म्हणाल्या. "समोर उभं राहून करपत नाही. हात जातोच गॅस बंद करायला."

भोपळ्याने चादर आधीच टेबलावर टाकली होती. आम्ही दोघी आत शिरलो. माझं डोकं टेबलाला आपटलं, ताईंचा गुडघा वाजला. आत निळसर उजेड होता आणि जुन्या लाकडाचा वास.

"मी काय होऊ?" मी विचारलं.

भोपळ्याने मला नीट न्याहाळलं. "तू दगड. दगड हलत नाही."

मी दगड झाले. डोळे मिटले. पण नाक कसं मिटायचं? आधी भाताचा साधा, ओला वास आला. मग तो सुकला. मग भाजल्यासारखा, बरासा. मग त्यात एक जळकी झाक आली. माझा हात आपोआप चादरीकडे गेला, तर ताईंनी मनगट धरलं.

"थांब."

"ताई, लागला."

"अजून नाही. दगड बोलत नसतात."

भोपळ्या खुदकन हसला. ताप आल्यापासूनचं पहिलं हसू असेल. ते चुकू नये म्हणून मी डोळे उघडले, तर तो माझ्याकडे बघतही नव्हता, अस्वलाच्या पोटात बोट खुपसत होता. मला वाटलं, घरी मी त्याच्या प्रत्येक घासाकडे कशी बघते! घास उचलला की मीच 'आ' करते, गिळला की मीच गिळते. एवढं बघितल्यावर तो भात तरी काय बोलणार!

"आता!" ताई ओरडल्या आणि रांगत निघाल्या. मी मागून. खिडक्या उघडल्या. आमचा अंदाज चुकला होताच. एका बाजूला कोळसा झाला होता. पण उलथनं घातल्यावर दुसऱ्या बाजूने वाटीसारखा मोठा पापुद्रा सुटून आला, वरून पांढरा, खालून सोनेरी. ताईंनी काळं खुडून टाकलं, तुकडे केले, फुंकर मारली आणि ताटलीत मऊ भाताशेजारी ठेवले.

"आता अस्वल मी," म्हणत भोपळ्याने ताटली उचलली आणि थेट गुहेत नेली. मी चादर उचलून आत डोकावणार, तेवढ्यात आतून हात बाहेर आला. हातात खरपुडीचा एक तुकडा.

"आई, हा तुझा."

"मला नको, राजा. तू खा."

"तू पण खा. मग कळेल."

मी तिथेच, टेबलाच्या पायाशी, फरशीवर बसले आणि तुकडा दाताखाली धरला. कर्रकन आवाज झाला. बाहेर नाही, आत. कानांच्या मागे, कवटीत, डोक्यात, त्याने सांगितला होता तसाच.

चादरीपलीकडेही काहीतरी चाललं होतं. घास मोजायचे म्हणून मी कान लावला. पण मी चावत होते तोवर मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ताईंनी माझ्या हातावर आणखी एक तुकडा ठेवला होता. मोजणं राहूनच गेलं.

थोड्या वेळाने चादरीखालून रिकामी ताटली सरकत बाहेर आली.

"अस्वलाला अजून हवंय," आतून आवाज आला. "मऊपण चालेल."