सात एकांची संख्या

१९५९ च्या डिसेंबरात अमरावतीला शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. अकोल्याच्या आमच्या मुलींच्या शाळेने तिथे एक संख्या मांडली होती: ११,११,१११. फळ्यावर मुख्याध्यापक वामनरावांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ही मूळ संख्या आहे.’

खाली पुराव्याच्या एकशे सत्त्याहत्तर चिठ्ठ्या होत्या. १०५४ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिलं होतं. संख्येच्या वर्गमुळापुढे जायची गरज नसते. एकोणसाठ मुली, प्रत्येकीला तीन भागाकार. चिठ्ठीवर भाजक आणि बाकी, एवढंच.

तपासनीस अकराला येणार होते. मी त्यांची गणिताची बाई. सव्वादहाला पडताळणीसाठी वही उघडली. सात एकांच्या संख्येला एखाद्या मूळ संख्येने नि:शेष भाग जात असेल, तर त्या मूळ संख्येला चौदाने भागल्यावर बाकी एकच उरते. त्यामुळे एकशे सत्त्याहत्तरांपैकी तीसच तपासायच्या होत्या. हे मला आधी सुचायला हवं होतं.

एकोणतीस: बाकी पाच. त्रेचाळीस: चौतीस. पहिल्या सात चिठ्ठ्या जुळल्या. आठवी दोनशे एकोणचाळीसची. शून्य आलं. पुन्हा भागलं. शून्यच. चिठ्ठीवर बाकी एक होती.

ती चिठ्ठी नववीतल्या मैनाची. ती फळ्याशेजारीच उभी होती.

“मैना, हा भागाकार तूच केलास?”

तिने मान खाली घातली. “बाई, मले शून्यच आलं होतं. तीनदा केलं. पण सर पयलेच म्हणाले होते, बाकी उरलीच पायजे. नाई उरली तर तुमचं चुकलं. मंग मी एक टाकला.”

मी वामनरावांना बाजूला बोलावून वही दाखवली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. बोट शेवटी थांबलं. त्यांना कळलं होतं.

“तायडेबाई, कावून भानगड करून राहिल्या तुमी? अकराले दहा मिनिटं आहेत.”

“फळ्यावरचं वाक्य पुसू या, सर.”

“आन् लोकाईले काय सांगू? की पोट्टीनं मले खोटं पाडलं?” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुमचा कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. सोमवारी सही करणार होतो.”

दोन वर्षं मी त्या सहीची वाट पाहत होते. मी वही मिटली.

तपासनीस आले. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठ्या पाहिल्या. “वा! हे सगळं पडताळलं कोणी?”

वामनराव म्हणाले, “आमच्या तायडेबाईंनी. एम. एस्सी. आहेत.”

दोघंही माझ्याकडे पाहत होते. मैनाही पाहत होती. ‘हो’ म्हटलं असतं, तर सगळं तिथेच संपलं असतं.

“आठच पडताळल्या, साहेब,” मी म्हणाले. “आठवी चूक आहे. ही मूळ संख्या नाही. मैना, गुणून दाखव. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास.”

तिने खडू घेतला. पहिल्या बेरजेत ती हातचा विसरली. “फळ्याकडं पाह्य, लोकाईकडं नको,” मी तिच्याच बोलीत म्हणाले. तिने पुसून पुन्हा केलं. उजवीकडून एक एक आकडा उतरत गेला आणि सातही एक आले.

तपासनीसांनी दोनदा पाहिलं आणि मैनाचं नाव लिहून घेतलं. वामनराव केव्हा बाहेर गेले, ते मला कळलं नाही.

सोमवारी माझा कागद परत आला. ‘आणखी एक वर्ष तात्पुरत्या.’ त्याखाली वामनरावांची सही होती. मी तो पर्समध्ये ठेवला आणि नववीच्या तासाला गेले.