दगडातलं कमळ

आत्याची नजर वर्षभरात हळूहळू विरत गेली. सगळं आयुष्य कॉलेजात संस्कृत शिकवण्यात गेलेलं. आता पुस्तकं मिटलेली असायची आणि श्लोक ओठांवर. त्यातलं एक काव्य तिचं फार लाडकं: वाऱ्यावर तरंगत एक सुवासिक फूल येतं, राणी म्हणते मला आणखी हवीत, आणि तिचा नवरा उठून डोंगर चढायला लागतो.

"नवं लग्न झालं तेव्हा मीही मागितलं होतं," ती भाचीला सांगायची. "हे गेले, ते थेट कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत!"

"ब्रह्मकमळच आणलं ना?" काका पेपराआडून म्हणायचे. "दरवर्षी फुलतंय गॅलरीत."

भाची वनस्पतींच्या संग्रहालयात चित्रं काढायची. तिनं आजवर जीभ आवरली होती. पण एका दुपारी आत्यानंच विचारलं, "खरं सांग, हेच का गं ते?"

"नाही, आत्या. तो निवडुंग आहे. समुद्रापलीकडचा."

काकांचा चेहरा एवढासा झाला. आत्या मात्र पोट धरून हसली.

मग भाची तिला संग्रहालयात घेऊन गेली. उंच कपाटं, जुन्या कागदाचा वास, आणि जाड कागदावर दोऱ्यानं टाचलेलं खरं ब्रह्मकमळ. आत्यानं अलगद बोट फिरवलं.

"किती पातळ!"

"हे नुसतं पांघरूण, थंडीपासून जपणारं. इवली जांभळी फुलं आत असतात. आणि हे कमळ नाहीच, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे."

"श्लोकातलं तर तळ्यात उगवतं."

"म्हणून तर अभ्यासकांचं एकमत होत नाही. काही म्हणतात हेच, काही म्हणतात ते साधं कमळ."

आत्यानं नाक कागदाजवळ नेलं. "वास नाही गं."

"वाळल्यावर जातो."

"मग ताजंच हवं," आत्या म्हणाली. जणू भाजीच आणायची होती.

बर्फ वितळल्यावर तिघं, ते फूल जिथं उगवतं त्या उंच डोंगरांत गेली. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणाऱ्या काकांचीच पिशवी सर्वांत आधी भरून झाली होती. आत्या खेचरावर, काका शेजारून काठी टेकत. झाडं मागे पडली, गवत खुरटलं, ढग अंगाला लागू लागले. एका वळणावर आत्या एकदम म्हणाली, "थांबा."

तिला आधी वास आला. मग भाचीला दिसली ती दगडांच्या सांदीत उभी असलेली फिकट, मिटल्यासारखी फुलं, आत दिवा ठेवल्यागत उजळलेली.

"तोडू?" काकांनी विचारलं.

"नको. मला तिथं न्या."

हात धरून त्यांनी तिला खाली बसवलं. आत्यानं वाकून देठ बोटांनी पार खालपर्यंत चाचपला.

"काय गं, तेच का?"

"नाही हो. देठ दगडात आहे, पाणी कुठंय?"

"म्हणजे परत चुकलो मी?"

"या इकडे. वास घ्या आधी."

दोन पांढरी डोकी त्या फुलावर झुकली आणि वरून ढग उतरला. भाचीला काहीच दिसेना. फक्त आत्याचा आवाज ऐकू येत होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगावा तसा ती काकांना तो श्लोक शब्द फोडून समजावत होती, आणि काका मध्येच विचारत होते, "थांब, हा शब्द पुन्हा म्हण."