पोचा पडलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे, मित्रांनो. पावसात घेतात ती नव्हे. घराच्या माथ्यावर बसून टीव्हीला चित्र पुरवणारी. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवते ती मंठा तालुक्यातल्या रामकिसन आबांच्या घराची गच्ची. पंधरा वर्षांपूर्वी एका कारागिराने मला तिथे चार बोल्टांवर घट्ट बसवले आणि माझे तोंड आभाळाकडे करून दिले.

माझे एक दुःख तेव्हापासूनचे आहे. साऱ्या घराला चित्र मी दाखवायचे आणि मला मात्र त्यातले काहीच दिसायचे नाही. खालून हसणे आले की समजायचे, काहीतरी गमतीचे चालले आहे. तरी मी खूश होते. आबांच्या कारभारीण गोजरबाई दर सणाला मला ओल्या फडक्याने पुसत आणि हळदीकुंकवाचे बोट लावत. शेजारच्या राधेश्यामकडे तेव्हा छत्री नव्हती, त्यामुळे मला थोडा ताठाही आला होता.

आबांची मुलगी तृप्ती रोज संध्याकाळी गच्चीवर गोलंदाजी करायची. कठड्यावर कोळशाने तीन रेघा ओढायच्या आणि चेंडू टाकत राहायचे, हा तिचा खेळ. ती नववीत असताना शाळेच्या बाईंनी जालन्याच्या निवड चाचणीसाठी तिचे नाव दिले आणि पालकाच्या सहीसाठी एक कागद घरी पाठवला. आबांनी तो दोन दिवस खिशात तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी तृप्तीच्या हातून एक चेंडू सुटला आणि थेट माझ्या पोटावर आदळला. वाटीएवढा पोचा पडला. खरे सांगते, चित्राला काहीही झाले नव्हते, खाली मालिका चालूच होती. पण आबांना निमित्त हवे होते.

"बस झालं आता," ते म्हणाले. "पोरीच्या जातीला काय करायचंय हे? उद्या छत्री फुटली मंग?"

"आबा, छत्रीला बिलकुल काही झालं न्हाई. तुम्ही सही तेवढी करा."

"न्हाई म्हनलं ना."

कठड्यावरच्या रेघा तृप्तीने स्वतःच पाण्याने धुऊन टाकल्या. मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते की मला काही लागले नाही, तिला खेळू द्या. माझ्यावर खापर फोडून तिचा खेळ बंद झाला, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे चार-पाच वर्षांत तिचे लग्न झाले आणि ती जाफराबादला सासरी गेली.

मग घरात मोबाइल आले. मला कुणी पुसेना. बोल्ट गंजले, आणि गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते मला कळू लागले.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेली तरी तृप्ती आपल्या लेकीला, यशश्रीला, घेऊन माहेरी थांबली होती. मुलींच्या क्रिकेटचा विश्वचषक चालू होता आणि आपल्या मुली अंतिम सामन्यात पोहोचल्या होत्या. नेमके त्याच रविवारी सकाळी वानरांच्या टोळीने माझ्यावर उड्या मारल्या आणि गंजलेले बोल्ट तुटून मी आडवी झाले. कारागीर फोनवर म्हणाला, उद्या येतो. मोबाइलवर चित्र अडखळत होते.

"जाऊ द्या आबा, राधेश्यामकाकाकडं बघतो आम्ही," तृप्ती म्हणाली.

"कशाला? आपल्या घरी बघ. मी धरतो छत्री. मला काय कळतंय त्या खेळातलं?"

आबा वर आले आणि दोन्ही हातांनी माझी कड धरून उभे राहिले.

"दिसून राह्यलं का?"

"थोडं उगवतीकडं. बस, बराबर."

थोड्या वेळाने खालून राष्ट्रगीत सुरू झाले. दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आबा ग्रामपंचायतीसमोर झेंड्याला उभे राहत, पण शेजारच्याशी सोयाबीनच्या गोष्टी करत. त्या दिवशी गच्चीवर त्यांना बघायला कुणी नव्हते. तरी त्यांनी डोक्याचे उपरणे सारखे केले, माझी कड सोडली, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि ताठ सावधान उभे राहिले. मी धपकन आडवी झाले. खाली चित्र गेले आणि एकच ओरडा झाला. पण राधेश्यामच्या टीव्हीतून राष्ट्रगीत ऐकू येतच होते.

तृप्ती धावत जिना चढून आली.

"आबा, छत्री सोडली का?"

आबा हलले नाहीत. त्यांचे डोळे भरून वाहत होते. तृप्ती दोन पावले मागेच थांबली आणि तीही सावधान उभी राहिली. गीत संपल्यावर आबा हळूच म्हणाले,

"त्या पोरींमधी तू राहिली असती, माय."

"कोन जाने, आबा."

"मी सही केली न्हाई."

तृप्तीने माझ्या पोच्यावरून एकदा बोट फिरवले. "छत्री धरा," ती म्हणाली. "खेळ सुरू होईल आता." आणि ती खाली गेली.

सामना संपेपर्यंत आबा खाली आले नाहीत. जेवायला बोलावले तरी गेले नाहीत. आपल्या मुली जिंकल्या हे आम्हा दोघांना फटाक्यांवरून कळले. आबांनी त्यांचा एकही चेंडू पाहिला नाही आणि मीही नाही.

उन्हाळ्यात आबा गेले. तेराव्यानंतर गोजरबाईंनी मला भंगारात द्यायला काढले, तेव्हा तृप्ती म्हणाली, "ही माझी हाय." एसटीच्या कंडक्टरने डोळे वटारले तरी ती मला मांडीशी धरून जाफराबादला घेऊन आली.

आता मी तिच्या अंगणात भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या पोटावर कोळशाच्या तीन रेघा आहेत. यशश्री रोज चेंडू टाकते आणि मला रोज नवा पोचा पडतो. माझे तोंड आता आभाळाकडे नाही, त्यामुळे सारे दिसते. हे बघायला आबा हवे होते.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगही देऊ नका. टीव्हीवरच्या लेकींसाठी जरूर सावधान उभे राहा. पण त्याआधी घरातल्या लेकीने सहीसाठी एखादा कागद आणून दिला असेल, तर तो खिशातून बाहेर काढा.