उलट्या बाजूने

भाचीला, म्हणजे टाचणीला, शिष्यवृत्ती मिळाली, तर आत्याचा फायदा दुहेरी होता. कॉलेजची फी वाचणार होती, आणि टाचणी वसतिगृहात गेली की शिवणाच्या दुकानामागची खोली रिकामी होणार होती. तिथे काजं करायचं मशीन कुठे ठेवायचं, तेही आत्याने मनात ठरवून टाकलं होतं. पोरक्या भाचीवर तिची माया होती, पण शिवणीत जादा कापडाची माया ठेवतात तशी, बोटभर आणि बेतशीर.

शेवटच्या फेरीत दोघंच उरले होते, टाचणी आणि जाड भिंगांचा एक मुलगा. त्याला टाचणी घुबड म्हणायची. सभागृहात दोन फळ्यांवर दोघांना एकच गणित. नियम सोपा होता: दोघांचं बरोबर आलं, तर कमी ओळींत सोडवणारा जिंकणार.

टाचणीने फळा काठोकाठ भरला. घुबडाने जेमतेम सात-आठ ओळी लिहिल्या आणि खडू ठेवला.

परीक्षकांनी टाचणीच्या फळ्यावर बरोबरची खूण केली. मग ते घुबडाच्या फळ्यापाशी थबकले.

"हे मधूनच कुठून उपटलं? उडी मारलीस की काय?"

घुबडाने तोंड उघडलं, मिटलं. परीक्षकांनी भली मोठी फुली मारली. इकडे प्रेक्षकांत बसलेल्या आत्याने मनातल्या मशीनला तेलसुद्धा घातलं.

पण टाचणी जागची हलली नव्हती. ती घुबडाच्या फळ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. ही नजर आत्याच्या चांगलीच ओळखीची होती. 'सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी, उलट बाजू आपल्यासाठी. उलटून बघितल्याशिवाय कपडा हातावेगळा करायचा नाही,' हे तिनेच पोरीच्या डोक्यात लहानपणापासून टोचून बसवलं होतं.

"बस गं बाई खाली," आत्या पुटपुटली.

टाचणी पुढे झाली. "सर, त्याचं बरोबर आहे."

तिने खडू उचलला आणि घुबडाच्या शेवटच्या ओळीपासून वर चढायला लागली. उत्तराकडून प्रश्नाकडे, एकेक टाका उसवत जावा तशी. उडी होती तिथे तिने दोन ओळी भरल्या, आणि सगळं असं बेमालूम जुळलं की सभागृहात कुणी खोकलंही नाही. आत्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण खालून वर जाणारा तो हात तिला कळत होता. आपल्या घरात, आपल्या कातरणांत वाढलेली ही पोर एवढी उंच कधी झाली?

"माझ्यापेक्षा छान आहे हे," टाचणी म्हणाली. "मी उगाच गावभर फिरून आले."

परीक्षकांनी आपल्या कोटाच्या बाहीनेच फुली पुसली. त्या दोन ओळी धरूनही घुबडाचं उत्तर आखूडच होतं.

परतताना आत्या बराच वेळ फुरंगटून चालली. "नसती उठाठेव! कुणी शिकवलं गं तुला हे?"

"तूच."

आत्याने टाचणीच्या केसांतला खडू पदराने झटकला, जरा जास्तच वेळ.

हिशोब झाला तो असा: शिष्यवृत्ती घुबडाने नेली, परीक्षकांचा कोट धुवायला गेला, टाचणीची वसतिगृहातली खोली हुकली. फी भरली आत्याने. काजं ती अजून हातानेच करते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला कपडा उलटा करून दाखवताना भाचीची गोष्ट फुकट सांगते.