हात लावायचा नाही

घाण दिसली की आमच्या काकूचे हात शिवशिवतात. खाडीत कालवं वाढवणाऱ्या बाईला ही खोड म्हणजे जन्माची शिक्षाच, कारण कालवांच्या पेट्यांवर शेवाळ साचायचंच. पण काकू दर आठवड्याला जाळीच्या पेट्या वर ओढायची, उन्हात ठेवायची, खसाखसा घासायची आणि मगच पाण्यात सोडायची. शेजारचे तराफेवाले म्हणायचे, "हिची कालवं काय दाखवायच्या कार्यक्रमाला बसणारेत?" मीही हसायचे. एरवी त्यात वाईट काही नव्हतं. उन्हाने शेवाळ मरतं, आणि कालवं तेवढा वेळ शिंपले मिटून तग धरतात.

यंदा मात्र ऊन चढलं ते उतरेना. खाडीचं पाणी अंघोळीला काढल्यासारखं झालं आणि कालवं मरायला लागली. जिवंत कालव पाण्याबाहेर काढलं की घट्ट मिटतं, आणि ही तर आ वासून पडलेली. काका जाऊन वर्षही झालं नव्हतं. एका जुन्या साथीतून वाचलेली कालवं निवडून त्यांनी स्वतःचा वाण तयार केला होता. त्यातली जुनी, थोराड कालवं एका पेटीत होती आणि बाकीच्या पेट्यांत त्यांची पिल्लं. हा वाण गेला असता तर काकांचं म्हणून खाडीत काहीच उरलं नसतं.

कालवांची डॉक्टरीण आली. तिने एकातून थेंबभर रक्त काढलं, पाण्यासारखं बिनरंगी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आम्हाला दाखवलं. "या पेशी जंतूंना गिळतात. बघा, कशा मरगळल्यात."

"पण रोग आला कुठून?" काकू म्हणाली. "मी तर कणभर घाण राहू देत नाही."

"जंतू पाण्यात कायमच असतात हो. एरवी कालवं त्यांना पुरून उरतात. आता पाणी तापलंय, त्यात प्राणवायू कमी. यांची सगळी ताकद नुसतं जगण्यातच जातेय. वर तुम्ही उचलता, उन्हात ठेवता, घासता. दुष्काळात तेरावा महिना! पेट्या खोल सोडा, तिथे जरा गार असतं. आणि हवा पालटेपर्यंत हात लावायचा नाही."

"म्हणजे काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

इतकं कडू औषध काकूला आजवर कुणी दिलं नव्हतं. तिने होडी धुतली, दोरखंड धुतले, माझे गमबूटसुद्धा आतून धुतले. ते वाळेपर्यंत मी अनवाणी फिरले, पण तक्रार केली नाही. बाई शब्द पाळतेय म्हणून मला तिचा अभिमानच वाटत होता.

अखेर हवा पालटली. आम्ही पेट्या वर ओढल्या तेव्हा त्यांना शेवाळाच्या हातभर दाढ्या आलेल्या. आत मात्र पिल्लं घट्ट मिटलेली, जिवंत. मेलेली अगदी थोडी. मी आनंदाने ओरडलेच. मग शेवटची, थोराड कालवांची पेटी वर आली.

ती लख्ख होती. जाळीचं भोक न् भोक मोकळं. आतलं एकूण एक कालव आ वासून पडलेलं.

रागाने माझं डोकं फिरलं. "काकू! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं ना?"

"तू दुपारी पडलीस की यायचे," ती खाली बघत म्हणाली. "बाकीच्या पेट्यांच्या बाबतीत कळ काढली गं. पण ही त्यांची. हिला घाणीत ठेवायला जीव होईना."

तिने एक रिकामा शिंपला उचलला.

"तुझ्या काकांनाही शेवटी शेवटी मी सारखी उठवायचे. चादर बदल, पाठ पूस, केस विंचर. ते म्हणायचे, 'पडू दे गं जरा.' मला वाटायचं, कंटाळा करतायत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "पिल्लं आहेत ना काकू," मी कसंबसं म्हणाले, "सगळी त्यांचीच आहेत."

तिने डोळे पुसले. दाढीवाल्या पेट्यांकडे पाहिलं. सवयीने हात पुढे गेला, तो तिने मागे घेतला.

"सोड त्यांना पाण्यात," ती म्हणाली. "आहेत तशीच सोड."