राखणदारावरचा पुसलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. काठीवाला नव्हे हो! ‘रानझुंज’ या खेळातलं कार्ड. कोपरे झिजलेत, पोटावर घडी पडलीय, तरी माझा तोरा बघा!

कारंज्याच्या एका दुकानातल्या पाकिटातून मी किन्हीराजाजवळच्या तांड्यावर, निताच्या हाती आलो. तीन वर्षं तिच्या खिशात राहिलो. मधल्या सुट्टीत पोरं म्हणायची, “तिच्यापाशी राखणदार हाय, मंग म्या नाही खेळत!” मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मात्र खिशातल्या घामानं माझ्यावरचा एक शब्द पुसला गेला. उरलं ते असं: ‘राखणदार मैदानात असताना तुमचं ... कोणतंही कार्ड उचललं जाणार नाही.’ मोकळ्या जागी काय होतं, हे पोरं कधीच विसरली होती.

निताचं घर ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी तिच्या वर्गातला शिवम खेळायला आला. उचललेलं कार्ड उचलणाऱ्याचं, कायमचं, असा त्यांचा नियम. शिवमनं ‘वावटळ’ टाकली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘समोरची सगळी कार्डं एकाच वेळी उचला.’

“सगळी म्हंजे सगळी! राखणदारच गेला तं बाकीच्यायले कोन राखते?”

“तो उभा हाय तोवर कोनालेच हात लावता येत नाही!” निता कडाडली.

आता खरं काय? माझं मलाही कळेना, आणि मला भारी उत्सुकता लागली. भांडण तांड्याचे नायक दौलतसिंग यांच्याकडे गेलं. तांड्यातले तंटे तेच मिटवतात. ते ट्रकचे दोर गुंडाळत होते. त्यांनी हा खेळ जन्मात पाहिला नव्हता, पण दोर खाली ठेवून दोन्ही कार्डं दोनदा मोठ्यानं वाचायला लावली.

“वावटळ आली तवा राखणदार उभा होता?”

“होता,” शिवम म्हणाला.

“अन् वावटळ सगळ्यायले एकाच वेळी उचलते?”

“हो.”

“मंग बाकीचे वाचले. पन खुद्द राखणदार?” त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. “इथं काय लिहेलं होतं?”

शिवमनं खांदे उडवले. एकट्या निताला आठवत होतं; तिचा उतरलेला चेहरा पाहूनच मला कळलं, तो शब्द मला वाचवणारा नव्हता. गप्प राह्य ना पोरी, मी मनात ओरडलो. नुसती गप्प राहिली असती, तरी मी तिचाच राहिलो असतो. माझा जीव टांगणीला लागला.

निताचे डोळे भरले. “‘इतर’ होतं, नायकबा. म्हंजे तो सोडून बाकीचे.”

नायकांनी माझ्यावरचं बोट उचललं. मग म्हणाले, “मंग राखणदार गेला, बेटा.”

निताची बाकीची पाचही कार्डं वाचली. मला तिनं ओढणीनं पुसलं आणि शिवमच्या हातावर ठेवलं. त्याला जिंकल्याचा आनंद होईना.

“तुनं काहून सांगतलं? आमाले तं मालूमच नव्हतं.”

“लिहेलं होतं म्हून,” निता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. मी शिवमच्या दप्तरात आहे, आणि मला तिची फार आठवण येते. मित्रांनो, कार्डं कोरडी ठेवा, घडी पाडू नका, हे तर सांगतोच. पण मी कागदाचा, एखाद्या दिवशी फाटेन, दुसरा राखणदार मिळेल. स्वतःचं जात असताना पुसलेला शब्द खरा सांगणारी मैत्रीण मात्र पाकिटातून निघत नाही. तिला आधी जपा.