टगबोटीवरची खूण

मित्रांनो, मी एक जुनी मोहीम आहे. गडकिल्ल्यांवरची नव्हे. अंतराळात यानं उडवून लढायचा एक व्हिडिओ गेम आहे, त्यातली. तो गेम काढणारी कंपनी केव्हाच बंद पडली, पण खेळणाऱ्यांचा नाद काही सुटला नाही. ते घरी बसून स्वतःच नव्या मोहिमा रचतात, एकमेकांना खेळायला देतात आणि एकमेकांच्या चुका काढून मनसोक्त भांडतात. अशाच एका नादिष्ट मुलीने मला बनवलं.

तिचं नाव ब्रायनी टॅरंट. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर, बर्नी गावात ती वडिलांबरोबर राहायची आणि जनावरांच्या दवाखान्यात काम करायची. वडील, केल्विन, बंदरात टगबोट चालवायचे. अगडबंब जहाजांना दोर बांधून धक्क्याला आणते ना, ती बुटकी, दणकट बोट. म्हणून माझ्यातही एक टगबोट आहे. लढाईत इंजिन गेलेलं, माणसांनी भरलेलं एक मोठं जहाज ती ओढत नेते. खेळणाऱ्याने आपल्या लढाऊ यानातून दोघांची राखण करायची. जहाज तळावर पोचलं की जिंकलात. एवढीच माझी गोष्ट.

मी जेमतेम उभी राहिले होते तेव्हा केल्विन हातात टोस्ट घेऊन ब्रायनीच्या मागे येऊन उभे राहिले.

"अगं, हे काय? निघाल्या निघाल्या भरधाव?"

"बाबा, शत्रू मागे लागलाय त्यांच्या."

"लागू दे की. असा हिसका दिलास तर दोर तुटेल आणि तुझ्याच टाळक्यात बसेल. आधी दोर ताणू द्यायचा, मग ओढायचं."

"अंतराळात कसला दोर तुटतोय!"

"बरं बाई. मग दुसऱ्या कुठल्यातरी टगवाल्याला विचार."

ती दिवसभर फुगून बसली आणि संध्याकाळी गुपचूप माझी सुरुवात बदलली. तेव्हापासून मी सावकाश निघते. पुढे पुष्कळांनी त्यावरून नाकं मुरडली, पण मला माझी ती चाल आवडते.

टगबोटीच्या कप्तानाला आवाजही केल्विनचाच. बाहेरचा गलका येऊ नये म्हणून ब्रायनीने त्यांना कोटांच्या कपाटात उभं केलं होतं. सुरुवातीचं वाक्य त्यांनी झटक्यात दिलं, "घाई नको. दोर ताणू दे." शेवटचंही दिलं, "पोचलो. दोर सोडा आणि चहा टाका." मग तिने टगबोट फुटते तेव्हाचं वाक्य मागितलं.

"मी कशाला मरू? मला तर तू अमर केलंयस ना?"

"ते चाचणीपुरतं हो. नंतर काढणार आहे. आता जरा ओरडा मरताना."

"रेडिओवर कोणी ओरडत नसतं, ब्रायनी. आपण ओरडलो की ऐकणाऱ्याचे हात थरथरतात."

आणि त्या कपाटात, कोटांच्या मधोमध, ते रोज बंदरात बोलायचे तसंच शांतपणे बोलले, "टगवरून बोलतोय. दोर मी सोडलाय. जहाज आता तुझं, पोरी. सावकाश ने."

टगबोट बुडायला लागली तर आधी दोर सोडतात. नाहीतर ती मागच्या जहाजालाही घेऊन जाते. केल्विनना हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"बाबा, पोरी काय? खेळणारा कोणीही असेल."

"सवय गं. पुन्हा घेऊ कधीतरी."

ते पुन्हा घेणं राहूनच गेलं.

आता त्या अमर करण्याचं सांगते, कारण माझं सगळं दुःख तिथेच आहे. मोहीम रचणारे तिची चाचणी घेतात तेव्हा महत्त्वाचं जहाज मध्येच फुटलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून ते मोहीम रचायच्या पडद्यावर त्या जहाजाच्या नावापुढच्या चौकटीत एक खूण करून ठेवतात. खूण आहे तोवर ते जहाज कितीही मारा झाला तरी फुटत नाही. मोहीम लोकांना देण्याआधी ती काढायची, हे यांच्यातलं लहान पोरही जाणतं. ब्रायनी विसरली.

मला खेळणाऱ्यांनी डोक्यावर घेतलं. केल्विनचा आवाज तर सगळ्यांना इतका आवडला की लोक उगाच एकमेकांना चहा टाकायला सांगू लागले. पण लगेच तक्रारही आली. टगबोट मरतच नाही, मग आम्ही राखण कसली करायची? ब्रायनीने कपाळावर हात मारला आणि कळवलं, खूण राहिली, या आठवड्यात काढते.

आठवडा सरायच्या आत केल्विन गेले. बोटीवरच, छातीत कळ येऊन.

त्यानंतर एकदा तिने मला दुरुस्तीसाठी उघडलं. त्या खुणेपाशी आली, बराच वेळ थांबली आणि काही न करता मला बंद केलं. मला हायसं वाटलं. कारण ती खूण निघाली असती तर ते कपाटातलं वाक्य मला कधीतरी बोलावं लागलं असतं. आणि मला, खरं सांगते, ते कधीच बोलायचं नव्हतं.

पुढे निवडक मोहिमांचा संच निघाला. तिला विचारणा आली, खूण तेवढी काढ, पाच मिनिटांचं काम आहे, लगेच घेतो. तिने उत्तरच दिलं नाही. संच माझ्याशिवाय निघाला आणि लोक मला विसरले. पण ब्रायनी यायची. लढायची नाही. टगबोटीच्या शेजारी आपलं यान लावून नुसती चालायची. शत्रू आग ओकायचे, टगबोटीला ओरखडा उठायचा नाही, आणि शेवटी केल्विन चहा टाका म्हणायचे. ती हसायची. मला दुसरं काही नको होतं.

मग हौशी मंडळींनी गेमची नवी आवृत्ती काढली. तिच्यात मी उघडेनाच. मला दुरुस्त करायचं तर पुन्हा त्या खुणेपाशी जायला हवं होतं. ब्रायनीला ते जमलं नाही. वर्षं गेली आणि मी मुकी पडून राहिले.

शेवटी न्यूझीलंडमधल्या हेमिश नावाच्या माणसाने मला शोधून काढलं. बंद पडलेल्या मोहिमा चालू करायचा त्याला छंद. माणूस सज्जन. हौशी मंडळींच्या गप्पांच्या जागी त्याने ब्रायनीला विचारलंही होतं, पण ती तिकडे फिरकेनाशी झाली होती. त्याने माझे सगळे सांधे जुळवले, आणि जाता जाता ती विसरलेली खूणही काढून टाकली. मग कोणाकडून तरी तिच्या घरचा पत्ता मिळवून कळवलं, "तुझी मोहीम जिवंत केली. ये खेळायला."

ती आली. चहा करून घेऊन आली. केल्विन म्हणाले, "घाई नको. दोर ताणू दे." तिने डोळे पुसले आणि सवयीने टगबोटीच्या शेजारी यान लावलं. लढलीच नाही. कशाला लढेल?

पहिल्या माऱ्यातच टगबोटीने पेट घेतला. मित्रांनो, मी थांबू शकत नाही. टगबोट फुटली की ते वाक्य बोलायचं, असंच मला घडवलंय. मी बोलले.

"टगवरून बोलतोय. दोर मी सोडलाय. जहाज आता तुझं, पोरी. सावकाश ने."

तिचे हात खाली पडले. मागे ते मोठं जहाज एकटं तरंगत राहिलं आणि थोड्या वेळाने तेही गेलं. मोहीम फसली, असं मी पडद्यावर लिहिलं. तेही मला लिहावंच लागतं.

ब्रायनीकडून हेमिशला सगळं कळलं तेव्हा तो कळवळला. त्याने काढलेली खूण परत जागेवर ठेवली आणि पुन्हा पुन्हा माफी मागितली. तिचं एकच उत्तर आलं, "तुझी चूक नाही. खूण का ठेवली होती, ते मी कुठे सांगितलं होतं?"

मित्रांनो, दुसऱ्याच्या हातचं काही दुरुस्त करायला घ्याल तेव्हा जे चुकलेलं दिसतं ते लगेच सरळ करू नका. आधी विचारा. उत्तर आलं नाही तर आणखी एकदा विचारा. आणि तुम्ही काही जपत असाल तर कोणाला तरी सांगून ठेवा.

आता मी धडधाकट आहे. कोणीही मला उघडलं की टगबोट हळूच पुढे सरकते, केल्विन दोर ताणू दे म्हणतात, कितीही मारा झाला तरी तळावर पोचतात आणि चहा टाकायला सांगतात. ब्रायनी मात्र त्यानंतर आली नाही.